दहाच्या आत मुक्काम: कुत्र्यांसह ट्राइकवरून मांडवा ते मुरुड

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मणक्याच्या त्रासामुळे डॉक्टरांनी त्यांची साधी सायकल बंद केली, म्हणून त्यांनी जुनी रिकंबंट ट्राइक विकत घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि आरामखुर्चीत रेलून पाय पुढे टाकून चालवायची. घरात दोन कुत्रे आहेत: पाच वर्षांचा, १८ किलोचा देशी मोती आणि नऊ वर्षांची, ७ किलोची पॉमेरियन परी. डिसेंबरात दोघांना घेऊन अलिबाग-मुरुड करायचं मनात आहे. रोज किती अंतर ठेवू, मोतीला शेजारी पळवू की मागे जोडायच्या ट्रेलरमध्ये बसवू, कुठल्या रस्त्याने जाऊ आणि कुत्र्यांसकट गावात राहायला मिळतं का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, अंतराचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरूनच ठरतं. दिवसाला वीस किलोमीटर. आणि सकाळी दहाच्या आत मुक्कामाला पोचलेलं असायचं. तुम्ही एकट्या असतात तर त्याच ट्राइकवर पन्नास सहज केले असते. पण हा प्रवास कुत्र्याच्या अंगाने ठरवायचा असतो. मी अकरा वर्षं ट्राइक चालवतोय, त्यातली नऊ कुत्र्यांसोबत. आधी खंड्या होता, आता ठमी आहे. कुर्ल्याला माझं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे ट्रेलरचे सांधे, बेअरिंग, ब्रेक हे सगळं हाताखालून गेलंय. ते शिकायला सोपं गेलं. कुत्र्याला ऊन कसं लागतं हे मात्र मी खंड्याच्या जिवावर बेतल्यावर शिकलो.

आपल्याला घाम येतो आणि पेडल मारताना वारा लागला की बरं वाटतं. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, आला तर पंजांच्या गादीला. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातला ओलावा उडवून अंग गार करतो. कोकणच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की हा ओलावा उडता उडत नाही. म्हणून पुण्याकडच्या लोकांचे अनुभव आपल्याला लागू पडत नाहीत. मोबाईलवर २९ अंश दिसतात, आपल्याला ठीक वाटतं, आणि ट्रेलरमधला कुत्रा तापत असतो. त्यात ट्रेलरचा तळ डांबरापासून जेमतेम वीतभर वर असतो. तापलेल्या डांबराची धग त्याला खालून लागते.

खंड्याचं असं झालं. फेब्रुवारीचा शेवट होता. रेवदंड्याहून सातला निघायचं ठरलं होतं, पण पोह्यांसाठी थांबलो आणि साडेआठ वाजले. साळावचा पूल ओलांडला, कोर्लई, बोर्ली मागे पडलं. रस्त्याचं काम चालू होतं, धूळ फार उडत होती, म्हणून मी ट्रेलरचा पुढचा पारदर्शक प्लास्टिकचा पडदा खाली सोडला. तो पावसासाठी असतो. उन्हात त्याने ट्रेलरची पेटी करून टाकली. काशिदच्या अलीकडच्या चढावर मी खालच्या गिअरमध्ये सावकाश चढत होतो, वारा अजिबात नव्हता. मागून धापांचा आवाज येत होता तो येईनासा झाला, आणि मला वाटलं झोपला असेल. वर पोचून पाहिलं तर जीभ रुंद होऊन बाहेर लोंबत होती, लाळ चिकट झाली होती, हिरड्या विटेसारख्या लाल. उतरवला तर मागचे पाय धरेनात.

नशिबाने जवळ वाडी होती. एका मावशींनी काही न विचारता विहिरीतून घागर ओढून दिली. आम्ही आंब्याच्या सावलीत त्याच्या पोटावर, जांघेत, पंजांवर पाणी ओतत राहिलो, आणि त्यांचा मुलगा सुपाने वारा घालत होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. त्या वेळी थर्मामीटर ४१.२ दाखवत होता. वीसेक मिनिटांत साडेएकोणचाळीसवर आलं तेव्हा पाणी थांबवलं, कारण त्याखाली नेत राहिलं तर अंग उलट जास्त गार पडतं. मग टेंपो करून त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. तो त्यानंतर चार वर्षं जगला.

यातल्या तीन गोष्टी नीट ध्यानात ठेवा. आधी जागेवर गार करायचं, मग डॉक्टरकडे न्यायचं, या क्रमात बदल नको. बर्फ लागत नाही, साधं विहिरीचं किंवा नळाचं पाणी आणि वारा पुरतो. आणि ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवायचा नाही, तो थोड्या वेळात कोमट होतो आणि आतली उष्णता कोंडून धरतो. थर्मामीटर साधा डिजिटल, गुदद्वारातून मोजायचा. घरी दोघांचं एकदा मोजून ठेवा म्हणजे प्रसंगी हात थरथरणार नाही.

परीबद्दल विचार करताना हे सगळं दुप्पट धरा. नऊ वर्षांची आहे आणि पॉमेरियनचे केस दाट. केस पार भादरू नका, त्यांनी उन्हापासून थोडा बचावही होतो. पण निघण्याआधी तिचं हृदय तपासून घ्या. परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना स्पष्ट सांगा की पाच दिवस रोज दोन-तीन तास ही गाडीत हिंदकळणार आहे. ते नको म्हणाले तर परी घरी राहील, हे आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. ज्यांच्याकडे पग किंवा बुलडॉग आहे त्यांनी मात्र विचारही करू नये. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापच नीट टाकता येत नाही.

आता पळवायचं की बसवायचं. मोती बसणार. थोडा वेळ पळेल, पण ते त्याच्या आनंदापुरतं: पहाटेच्या गार रस्त्यावर, मोकळ्या मातीच्या वाटेवर, एका वेळी दोन किलोमीटर, ताशी आठ-दहाच्या वेगाने. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून पाहा. ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही ते डांबर सोसणार नाही. साध्या सायकलीला कुत्रा बांधला आणि त्याने मांजर पाहिलं की सायकल आडवी होते. ट्राइक बुटकी आणि तीन चाकांवर उभी, त्यामुळे अठरा किलोच्या हिसक्याने ती पडत नाही. धोका वेगळाच आहे. तुमची पुढची चाकं बाहेर आहेत आणि कुत्र्याचा पंजा त्याखाली येऊ शकतो. म्हणून दोरी सीटच्या मागच्या बाजूला, डावीकडे बांधा आणि इतकी आखूड ठेवा की त्याची छाती पुढच्या चाकापर्यंत पोचूच नये. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी कधीच नको, छातीचा हार्नेसच हवा.

परीला मांडीवर घ्यायचा मोह होईल, कारण सीट अगदी खुर्चीसारखी असते. घेऊ नका. ब्रेक लागला की ती थेट चेनरिंगच्या, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चक्राच्या दिशेने जाईल. सीटच्या मागच्या कॅरियरवर खोलगट टोपली घट्ट आवळा, आत जुनी गोधडी, आणि हार्नेसला आखूड दोरी. तिथे तिला तुमचा आवाज येत राहतो. सात किलोपर्यंत हे ठीक आहे, त्यावरचं वजन इतक्या उंचीवर नको, कारण ट्राइक वळणावर कलत नाही. वेगात वळली तर आतलं चाक उचलते.

ट्रेलरच्या बाबतीत लोक चढाला घाबरतात, घाबरायला हवं उताराला. चढावर ट्राइकसारखं वाहन नाही. पुढच्या चक्राला २२ दात आणि मागच्या चक्राला ३४ दात असले, मागचं चाक २६ इंची असलं, तर मिनिटाला साठ फेरे मारून तुम्ही ताशी जवळजवळ पाच किलोमीटरने चढता. दोन चाकांवर त्या वेगाने तोल सांभाळण्यातच दम जातो. इथे तोल सांभाळायचाच नाही. दमलात तर पार्किंग ब्रेक लावून चढावरच बसून राहा, पाणी प्या, मग पुढे. उतारावर मात्र ट्रेलर, मोती आणि सामान धरून पस्तीसेक किलो वजन तुम्हाला मागून ढकलत असतं. ट्राइकचे खरे ब्रेक पुढच्या दोन चाकांना. मागचं चाक हलकं, आणि वळणात ट्रेलरने त्याला बाजूला ढकललं की मागची बाजू सरकते. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी करा, वळणाच्या आत ब्रेक दाबू नका आणि ताशी पंधराच्या वर जाऊ नका. ट्रेलरमध्ये मोती थोडा पुढच्या बाजूला बसेल अशी गादी लावा, म्हणजे जोडणीवर किंचित भार राहतो. वजन मागे गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. जोडणीला बोल्टाशिवाय एक वेगळा सुरक्षेचा पट्टा हवाच. तळाला प्लायवूड आणि त्यावर योगाची जाड मॅट घाला, धग अडते. पडदे जाळीचे, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असे. माझा तो पावसाचा प्लास्टिकचा पडदा आता भिंतीवर टांगलेला असतो.

आणखी एक, तुमच्या पायांचं. ट्राइकवर पाय पेडलवरून घसरला तर तो जमिनीला लागतो, आणि गाडी पुढे जात राहिल्याने पाय सीटच्या आडव्या दांड्याखाली ओढला जातो. घोटा मोडतो. मागे ट्रेलर ढकलत असताना तर हमखास. टाचेला धरून ठेवणारे पट्टे किंवा क्लिपचे पेडल बसवल्याशिवाय सोसायटीच्या गेटबाहेरही पडू नका.

पुढची चाकं बहुधा २० इंची असतील. टायरच्या कडेवर ४०६ लिहिलंय की ४५१ ते आजच पाहा. दोन्हींना २० इंचीच म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. ४०६ असेल तर अडीनडीला मुलांच्या सायकलीची ट्यूब अलिबागलाही मिळून जाते. ४५१ असेल तर टायरसकट सगळं घरूनच घ्या. चेन साध्या सायकलीच्या अडीच-तीन पट लांब असते, तिच्या दोन जोडकड्या खिशात ठेवा.

सवय लावण्याला तीन महिने आहेत, ते पुरतात. पहिले दोन आठवडे ट्रेलर फक्त हॉलमध्ये, दार उघडं, आत मोतीची रोजची गादी आणि जेवणाचं ताट. ढकलायचं नाही, बोलवायचंही नाही. तो आपणहून आत जाऊन झोपला की पुढची पायरी. मग दार लावून दोन मिनिटं, मग तुम्ही हाताने ट्रेलर ढकलत पॅसेजमध्ये, मग कंपाउंडमध्ये ट्राइकला जोडून. पहिल्या दिवशी पाचशे मीटर पुरे. माझा निकष साधा आहे. ट्राइकला ट्रेलर जोडताना पाहून कुत्रा शेपूट हलवत जवळ आला तर तो तयार आहे. लांब जाऊन बसला तर तुम्ही घाई केलीय, मागच्या पायरीवर या. ठमीला नऊ आठवडे लागले, खंड्याला चार.

रस्ता. मुंबईतून ट्राइक चालवत बाहेर पडू नका. तुमचं नाक बसच्या धुराड्याच्या उंचीला असतं आणि कुत्र्यांचं त्याहून खाली. सी लिंक आणि कोस्टल रोडवर सायकलला मनाई आहे, २०२४ साली सुरू झालेल्या अटल सेतूवरही. पेण-वडखळचा रस्ता अवजड वाहनांचा, तो मी कुत्र्यांसह कधीच करणार नाही. छोटा हत्ती ठरवा, पहाटे सगळं त्यात घालून भाऊच्या धक्क्याला उतरा आणि २०२० पासून चालू झालेल्या रो-रोने मांडव्याला जा. तासाभराचा प्रवास आहे. तिकीट काढतानाच कुत्र्यांची आणि ट्राइकची मापं सांगून ठेवा. आणि शनिवार-रविवार टाळा. त्या दोन दिवसांत मांडवा-अलिबाग रस्त्यावर आपल्याच मुंबईकरांच्या गाड्यांची रांग असते. सोमवारी निघा.

बोट उतरेपर्यंत ऊन चढलेलं असतं, म्हणून पहिला दिवस फक्त सासवणे किंवा किहीमपर्यंत. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं संग्रहालय आहे, फार सुंदर. सोबत कुणी असेल तर आळीपाळीने पाहून या, मी कुत्र्यांना बाहेर एकटं बांधून कुठेच जात नाही. दुसऱ्या दिवशी थळ, वरसोलीवरून अलिबाग. तिसरा दिवस अलिबाग ते रेवदंडा, सतराएक किलोमीटर. माझ्या मते कुत्र्यांसह करायला या किनाऱ्यावरचा सगळ्यात चांगला तुकडा. आक्षी, नागाव, चौल, सगळीकडे नारळ-पोफळीच्या वाड्यांची सावली, रस्ता सपाट, दर थोड्या अंतरावर विहीर. आक्षीला शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. त्या थांब्यावर कुत्र्यांना पाणी पाजा आणि तुम्हीही पाठ सरळ करा. चौलला रामेश्वराच्या तळ्याकाठी गार असतं, पण तळ्यात कुत्रे उतरवू नका, ते देवस्थान आहे.

रेवदंड्यापुढे मुरुड एका दिवसात करायचं नाही. काशिदला थांबा. चढ आहेत आणि खंड्याचं जिथे झालं तो पट्टा हाच. उजाडताच निघा. काशिदहून नांदगावमार्गे मुरुड हा शेवटचा दिवस, तो सोपा आहे. रस्त्याला लागून फणसाडचं अभयारण्य आहे. त्यात कुत्रे न्यायचे नाहीत, आणि त्या भागात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे रात्री कुत्रा अंगणात किंवा ओट्यावर बांधायचा नाही, खोलीतच. मुंबईत आरे कॉलनीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला लागत नाही.

राहायला मिळतं. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी असलेल्या घरांत हॉटेलांपेक्षा लवकर मिळतं. फोनवर पहिल्या वाक्यातच दोन कुत्रे आहेत हे सांगा, खोली ठरल्यावर नको. आणि दुसरा प्रश्न तुम्ही विचारा: घरी कोंबड्या आहेत का? मोतीने मुंबईत कोंबडी फक्त दुकानात पाहिली असेल. एक कोंबडी गेली तर तुम्ही पैसे द्याल, पण त्या घरी पुढच्या कुत्रेवाल्याला दार बंद होईल. कोळीवाड्यात बोंबील वाळत घातलेले असतात, तिथून दोघांना आखूड दोरीवर न्या. किनाऱ्यावर मेलेला केंड मासा पडलेला दिसतो, फुगणारा. तो कुत्र्याने खाल्ला तर जीव जाऊ शकतो. म्हणून समुद्रावर मोकळं सोडायचं तर नजर वाळूवर ठेवा.

गावातल्या कुत्र्यांचं लोकांना फार भय वाटतं. प्रत्येक पाड्याचे आपले चार-पाच असतात आणि ट्रेलरमधून परका वास आला की धावून येतात. पळू नका, ट्राइक पळून पळणार किती. थांबा आणि उठून उभ्या राहा. झोपून येणारा माणूस त्यांना माणूस वाटतच नाही, उभं राहिलं की निम्मे तिथेच गप्प होतात. जोरात एक ‘हाड’, मग ट्राइक हाताने ढकलत त्यांची हद्द ओलांडा. दगड उचलू नका. तुमच्या दोघांची रेबीज आणि लेप्टोची लस चालू हवी, आणि तुम्हीही आधी रेबीजची लस घ्यावी का ते डॉक्टरांना विचारा, कारण तुमचे हात आणि चेहरा त्यांच्या तोंडाच्या उंचीला असतात. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

माणसांबद्दल एवढंच: पुष्कळ जण ट्राइक पाहून विचारतील, “पायाला काय झालं?” चौकशी आपुलकीची असते. मणक्याचं खरं ते सांगा, मुलांना सीटवर बसून बघू द्या. त्याच चौकशीतून मला विहीर, सावली आणि गुरांच्या डॉक्टरांचा नंबर मिळत आलाय.

रोजचं वेळापत्रक मी असं पाळतो. पाचला उठणं, कुत्र्यांना मूठभरच खाणं, पोटभर जेवण संध्याकाळी. उजाडताच निघणं. दर चार किलोमीटरला थांबून दोघांना उतरवणं, पाणी देणं, हिरड्या पाहणं. मोतीला एरवी दिवसाला लिटरभर पाणी लागत असेल, प्रवासात त्याच्या दुप्पट धरा आणि दोन लिटर कायम सोबत ठेवा. दुपारी सगळ्यांनी झोपायचं. संध्याकाळी कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड शोधायच्या, पावसाळ्यानंतर कोकणात त्या फार असतात आणि त्यांच्यापासून येणारा ताप कुत्र्याला महिनाभर झोपवतो.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी पहाटे पूर्ण सामान लादून घराजवळच पंधरा किलोमीटर करून पाहा आणि परतल्यावर दोघांचं तापमान घ्या. ते आकडे मला कळवा, मग डिसेंबरची तारीख ठरवू.